पहिला अ‍ॅनिमे कोणता सुचवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्याने आजवर अ‍ॅनिमे पाहिलेला नाही अशा मित्राला, सहकाऱ्याला किंवा घरच्या माणसाला काय दाखवावे, याविषयी सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तो पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनच ना? मग मोठ्या माणसाला ते कशाला सुचवायचे?

जपानमध्ये तयार झालेले अ‍ॅनिमेशनचे चित्रपट आणि मालिका म्हणजे अ‍ॅनिमे, एवढी ओळख सुरुवातीला पुरेशी आहे. ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग दाखवण्याची पद्धत तिच्यामुळे रुळली. तेव्हापासून तेथे मुलांसाठी जसे अ‍ॅनिमेशन होत आले तसेच ते नोकरदारांसाठी, गृहिणींसाठी आणि रात्री उशिरा जागणाऱ्या प्रौढ प्रेक्षकांसाठीही होत आले. त्यात खुनाचा तपास असतो, युद्धकाळातला संसार असतो, स्वयंपाक, बुद्धिबळासारखा शोगीचा खेळ, अवकाशातली नोकरी, भुतेखेते, असे सगळे असते. त्यामुळे समोरच्याला काय आवडेल हे ठरवताना ‘अ‍ॅनिमे आवडेल का’ असा विचार न करता ‘एरवी हा माणूस काय आवडीने पाहतो किंवा वाचतो’ येथून सुरुवात करावी. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच आहे.

२. माझा मित्र म्हणतो की त्याने कधीच अ‍ॅनिमे पाहिलेला नाही. हे खरे मानावे का?

बहुधा मानू नये. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची मालिका मुळात निप्पॉन अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने १९८९ साली केलेली ५२ भागांची जपानी मालिका होती. तिच्या हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, त्याला संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी. त्यानंतरच्या पिढीने ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीतून पाहिले. युगो साको यांनी भारतीय अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्या साथीने केलेला रामायणावरचा जपानी-भारतीय अ‍ॅनिमेशनपटही पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेला असतो आणि जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता.

ही आठवण काढून दिल्याचा एक व्यावहारिक फायदा होतो. ‘हे आपल्यासाठी नाही’ हा पवित्रा बराचसा गळून पडतो.

३. एकच नाव सांगा, कोणालाही चालेल असे.

असे सर्वांना चालणारे नाव नाही, तरीही समोरच्याविषयी काहीच माहिती नसेल आणि एकच संधी असेल, तर आमचे उत्तर हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) हे आहे. त्याला २००२ साली बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल आणि २००३ साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. मात्र आमच्या निवडीचे कारण पुरस्कार हे नाही. दहा वर्षांची चिहिरो ज्या जगात जाऊन पडते त्याचे नियम तिला ठाऊक नसतात, आणि जपानी देवदेवतांची काहीच ओळख नसलेल्या प्रेक्षकालाही ते ठाऊक नसतात. त्यामुळे ती जे शिकत जाते ते प्रेक्षकही तिच्याबरोबर शिकतो. ती जिथे काम करू लागते त्या देवदेवतांच्या न्हाणीघरात चिखलाने बरबटलेले, दुर्गंधी पसरवणारे एक गिऱ्हाईक येते आणि ते तिच्या वाट्याला येते. त्याच्या अंगात काहीतरी काट्यासारखे रुतले आहे हे तिच्या लक्षात येते. तिथे दोर बांधून सगळे नोकर मिळून ओढू लागतात, तेव्हा आधी एक सायकल बाहेर येते आणि तिच्यामागोमाग ढीगभर कचरा. ते गिऱ्हाईक एक नदी असते. या प्रसंगाला कोणत्याही पूर्वज्ञानाची गरज लागत नाही. आपल्या नद्या रोज पाहणाऱ्याला तर मुळीच लागू नये.

ज्याला अद्भुतकथेचाच कंटाळा आहे त्याच्यासाठी मात्र प्रश्न ५ पाहावा.

४. सुरुवात चित्रपटापासून करावी की मालिकेपासून?

साशंक माणसासाठी चित्रपट, आणि एरवीही वेबमालिका सलग पाहणाऱ्यासाठी छोटी मालिका, असे साधे धोरण ठेवावे. मालिकेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो आणि जपानी वाहिन्यांच्या तिमाही वेळापत्रकामुळे बहुतेक मालिका १२-१३ किंवा २४-२६ भागांच्या टप्प्यांत येतात. बारा भाग म्हणजे सुमारे पाच तास, आणि नवख्याकडून पहिल्या खेपेला यापेक्षा जास्त मागू नये. शिवाय जी गोष्ट त्या बारा-तेरा भागांत खरोखर संपते अशीच मालिका निवडावी. ऐन रंगात येऊन ‘पुढचा सीझन येईल तेव्हा पाहू’ म्हणणारी मालिका पहिली म्हणून वाईट असते. चित्रपट निवडतानाही एक खाच आहे. तिच्याविषयी प्रश्न १० मध्ये लिहिले आहे.

५. समोरच्याची आवड माहीत आहे. तिच्याशी जुळणारे काय द्यावे?

रहस्यकथा वाचणाऱ्याला ‘डेथ नोट’ (२००६, ३७ भाग) द्यावा. ज्याचे नाव लिहावे तो मरतो अशी वही एका हुशार विद्यार्थ्याच्या हाती लागते आणि त्याला पकडायला तितकाच हुशार गुप्तहेर येतो. खुनी कोण हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते आणि तरीही उत्कंठा कमी होत नाही. शेवटचा तिसरा हिस्सा उतरता आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. ज्याला संथ आणि गंभीर रहस्य आवडते त्याच्यासाठी नाओकी उरासावा यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) केलेली ‘मॉन्स्टर’ आहे. जर्मनीत काम करणारा एक जपानी मेंदूशल्यचिकित्सक नगराध्यक्षाची शस्त्रक्रिया सोडून आधी आलेल्या एका मुलाचा जीव वाचवतो आणि तोच मुलगा पुढे खुनी निघतो, अशी ती कथा आहे. पण ती ७४ भागांची असल्यामुळे पहिली म्हणून धीराच्या माणसालाच द्यावी.

विज्ञानकथेच्या वाचकाला, आणि खरे तर कोणत्याही नोकरदार माणसाला, आम्ही ‘प्लॅनेटीस’ (२००३, २६ भाग) सुचवतो. वर्ष २०७५ आहे आणि कथेतली माणसे अंतराळवीर असली तरी त्यांचे काम पृथ्वीभोवती फिरणारा कचरा गोळा करण्याचे आहे. एखादा निसटलेला स्क्रूसुद्धा त्या वेगाने प्रवासी यानावर आदळला तर माणसे मरतात, म्हणून हे काम अत्यावश्यक. पण त्यातून कंपनीला नफा नाही, म्हणून या विभागाकडे माणसे कमी, पैसा कमी आणि बाकीच्या विभागांची हेटाळणी मात्र भरपूर. अशा खात्यात वर्षे काढलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते आणि तोवर आपण अ‍ॅनिमे पाहतो आहोत हे तो विसरलेला असतो.

खेळ आवडणाऱ्यासाठी ‘हायक्यू’चा पहिला सीझन (२०१४, २५ भाग) पुरेसा आहे. व्हॉलीबॉल आपल्याकडे गावोगावच्या मैदानांवर खेळला जातो, त्यामुळे नियम समजावत बसावे लागत नाहीत. हलकीफुलकी कौटुंबिक करमणूक हवी असेल तर ‘स्पाय एक्स फॅमिली’. जाझ किंवा जुने इंग्रजी संगीत ऐकणाऱ्याला ‘काउबॉय बीबॉप’ (१९९८, २६ भाग) द्यावा, कारण योको कान्नो यांचे संगीत त्यात पार्श्वभूमीला राहत नाही, तेच पुढे चालते. ललित लेखन आवडणाऱ्याला ‘मुशिशी’ (२००५). तिचा प्रत्येक भाग स्वतंत्र कथा आहे, त्यामुळे एकच पाहून थांबले तरी काही अर्धवट राहत नाही.

६. आई-बाबांना काय दाखवावे? त्यांना मारामारी आणि जादू दोन्ही नको आहेत.

इसाओ ताकाहाता यांचा ‘ओन्ली यस्टरडे’ (१९९१). टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची, अविवाहित ताएको सुट्टीत यामागाता भागातल्या शेतांवर करडईची फुले तोडायला जाते आणि प्रवासात तिला १९६६ सालातली, पाचवीत शिकणारी ताएको आठवत राहते. त्यातला अननसाचा प्रसंग आधी एकटा दाखवला तरी चालेल. घरात पहिल्यांदाच अननस आणला जातो; तो कापायचा कसा हेच कोणाला ठाऊक नसते. थोरली बहीण ते विचारून येते, तेव्हा सगळे भोवती जमतात, फोडी वाटल्या जातात, आणि एकेकाचा चेहरा उतरत जातो, कारण तो आंबट, कडक लागतो. शेवटी केळेच बरे असा निर्वाळा मिळतो. आपापल्या फोडी तशाच ठेवून सगळे उठतात; ताएको मात्र हट्टाने खात राहते. ज्यांच्या घरी पहिला फ्रिज किंवा पहिला टीव्ही आल्याचे आठवते, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

सुनाओ काताबुची यांचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (२०१६) हाही याच वर्गातला आहे. हिरोशिमाहून लग्न होऊन कुरे या बंदराच्या गावी आलेल्या सुझूचा युद्धकाळातला संसार त्यात आहे. शिधा कमी झाल्यावर ती काय रांधते हे त्यात इतक्या बारकाईने दाखवले आहे की स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईचे लक्ष तेथेच जाते.

७. लहान मुलांसोबत पाहायचे आहे. कोणत्या वयाला काय चालेल?

चार-पाच वर्षांपासून पुढे ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) आणि थोड्या मोठ्या मुलांना ‘कीकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९). ‘तोतोरो’त खलनायक नाही आणि मुलांना त्याची उणीवही भासत नाही. पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट पाहत दोन बहिणी उभ्या असतात, धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपलेली असते, आणि शेजारी डोक्यावर पान ठेवलेला एक प्रचंड प्राणी येऊन उभा राहतो. थोरली त्याला वडिलांसाठी आणलेली छत्री देते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने तो इतका खूश होतो की जोरात उडी मारतो आणि झाडावरचे सगळे पाणी एकदम कोसळते. एवढेच घडते.

आता सावधगिरीचा भाग. चित्रशैली गोंडस असली म्हणजे मजकूर मुलांचा असतो असे नाही. ‘मेड इन अ‍ॅबिस’मधली गोबऱ्या गालांची मुले पाहून तो लावू नये, त्यातले क्रौर्य मोठ्यांनाही सोसत नाही. त्याचप्रमाणे ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा ‘तोतोरो’ करणाऱ्या जिब्ली स्टुडिओचाच आहे, आणि १६ एप्रिल १९८८ रोजी तो जपानमध्ये ‘तोतोरो’च्या जोडीने एकाच तिकिटावर दाखवला गेला, म्हणून तोही मुलांना चालेल असे समजू नये. युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीची ती गोष्ट आहे आणि शेवट काय होणार हे पहिल्याच दृश्यात सांगितलेले असते. ओटीटीवर २०२१च्या नियमांनुसार यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशा खुणा दिलेल्या असतात. त्या पाहाव्यात, पण पहिला भाग आधी स्वतः पाहणे अधिक खात्रीचे.

८. सबटायटल वाचत पाहावे की हिंदी-इंग्रजी डब?

जे नवख्याला सोपे जाईल ते. मूळ जपानी आवाजातच पाहिले पाहिजे असा आग्रह पुष्कळ जुने प्रेक्षक धरतात. त्यांचे म्हणणे कलेच्या दृष्टीने चुकीचे नाही, पण पहिल्या भेटीत ही अट घालू नये. कोरियन किंवा मल्याळम चित्रपट सबटायटलवर पाहण्याची सवय असलेल्याला अडचण येत नाही; ज्याला वाचता वाचता चित्र निसटते त्याला डब द्यावा. ‘डेमन स्लेअर’, ‘जुजुत्सु कायसेन’, ‘स्पाय एक्स फॅमिली’ हे हिंदीत उपलब्ध आहेत, आणि ‘काउबॉय बीबॉप’चा इंग्रजी डब तर मूळ आवाजांच्या बरोबरीचा मानला जातो. मराठीचा पर्याय सहसा मिळत नाही, म्हणून आजी-आजोबांसोबत पाहताना कोणीतरी शेजारी बसून सांगत राहावे लागते. त्यांच्यासाठी कमी संवादांचा ‘तोतोरो’ सोयीचा पडतो.

९. सगळे ‘वन पीस’ आणि ‘नारुतो’विषयीच बोलतात. मग तिथूनच सुरुवात का करू नये?

करू नये असे नाही, पण सुचवणाऱ्याने तरी करू नये. ‘वन पीस’ १९९९ पासून चालू आहे आणि त्याचे हजाराच्या वर भाग झाले आहेत. ‘नारुतो’चे २२० आणि त्यापुढच्या ‘शिप्पुदेन’चे ५०० भाग आहेत. या मालिका मांगा चालू असतानाच दर आठवड्याला प्रसारित होत होत्या. मालिका मांगाला गाठू लागली की मूळ कथेत नसलेले, वेळ काढणारे भाग घातले जात; त्यांना फिलर म्हणतात. जाणकार माणूस यादी पाहून ते वगळतो. नवख्याला मात्र कथा अचानक का रेंगाळली हे कळत नाही आणि दोष तो अ‍ॅनिमेलाच देतो.

ज्याला तशीच मैत्री, लढाया आणि लांबचा प्रवास हवा आहे त्याला ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’ (२००९, ६४ भाग) द्यावा. तो लांब असला तरी संपतो, आणि उत्तम संपतो. पाहण्याच्या क्रमाविषयी प्रश्न १२ पाहावा.

१०. नवा अ‍ॅनिमेपट चित्रपटगृहात लागला आहे. मित्राला थेट तिथेच घेऊन जाऊ का?

तो चित्रपट स्वतंत्र आहे की मालिकेचा पुढचा भाग, यावर उत्तर अवलंबून आहे, आणि पोस्टरवरून ते समजत नाही. ‘डेमन स्लेअर’चा ‘मुगेन ट्रेन’ (२०२०) पहिल्या सीझनचे २६ भाग जिथे थांबतात तिथूनच सुरू होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात लागलेला ‘इन्फिनिटी कॅसल’ तर चार सीझनचा हिशेब गृहीत धरतो. असा चित्रपट पहिला म्हणून दाखवला तर चित्रांची वाहवा होते आणि मध्यंतरात ‘हा कोण, तो का रडतो’ अशी प्रश्नपत्रिका हाती येते. याला अपवाद ‘जुजुत्सु कायसेन ०’चा आहे, त्याची कथा मालिकेच्या आधी घडते आणि नायकही वेगळा आहे, त्यामुळे तो एकटा पाहता येतो.

माकोतो शिनकाई यांचे ‘युवर नेम’ (२०१६), ‘वेदरिंग विथ यू’ (२०१९) आणि ‘सुझुमे’ (२०२२) हे तिन्ही स्वतंत्र आहेत, आणि त्यांतले आकाश आणि पाऊस मोठ्या पडद्यावरच पाहावेत असे आहेत. ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन याचिका केली होती, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो खरोखर लागला.

११. ‘तीन भाग पाहा, मग ठरवा’ हा नियम योग्य आहे का?

नेहमीच्या प्रेक्षकासाठी योग्य आहे. ‘मादोका माजिका’ची खरी जात तिसऱ्या भागाअखेरीस कळते आणि ‘स्टाइन्स गेट’ तर निम्म्या वाटेपर्यंत रेंगाळते. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही पहिली म्हणून नकोत. ज्याला या माध्यमाविषयी अजून भरवसाच नाही, त्याच्याकडे ‘थांब, पुढे चांगले आहे’ ही उधारी मागू नये. पहिल्याच भागात स्वतःचे म्हणणे मांडणारी मालिका निवडावी.

‘फ्रीरेन’चा पहिला सीझन (२०२३, २८ भाग) हे त्याचे उत्तम उदाहरण. राक्षसराजाला हरवून परतणाऱ्या चौघांपासून ती सुरू होते, म्हणजे इतर कथा जिथे संपतात तिथून. उल्कावर्षाव पाहताना फ्रीरेन पन्नास वर्षांनी अधिक चांगल्या जागेवरून तो दाखवीन असे सहज बोलून जाते, कारण हजारो वर्षे जगणाऱ्या तिच्या जातीला पन्नास वर्षे म्हणजे काहीच नाहीत. ती शब्दाप्रमाणे परत येते तेव्हा तिचा साथीदार हिमेल टक्कल पडलेला, बुटका म्हातारा झालेला असतो. थोड्याच दिवसांत तो जातो, आणि दहा वर्षे सोबत असूनही आपण त्याला ओळखून घेतले नाही, हे तिला अंत्यविधीच्या वेळी कळते. हा पहिला भाग पाहून जो उठून जाईल त्याला पुढचे सत्तावीस भागही आवडणार नाहीत, त्यामुळे निर्णय तिथेच होतो.

१२. एकाच नावाच्या दोन-दोन मालिका दिसतात. कोणती आधी पाहायची?

‘फुलमेटल अल्केमिस्ट’पुरते बोलायचे तर २००३ची मालिका हिरोमु अराकावा यांचा मांगा अपुरा असतानाच निघाली, म्हणून तिची कथा पुढे वेगळ्या वाटेने जाते. २००९ची ‘ब्रदरहूड’ मांगाला धरून आहे आणि नवख्याला तीच द्यावी. तिचा पहिला भाग मात्र मांगात नाही. त्यात एकदम पंधरा माणसे येऊन आदळल्यासारखे वाटते. तो सोसायला सांगावे, गोष्ट दुसऱ्या भागापासून नीट सुरू होते. ज्या मालिकांचा क्रम समजावण्यासाठी तक्ता लागतो, उदाहरणार्थ ‘फेट’ची सगळी शाखा, त्या पहिल्या खेपेला विचारातच घेऊ नयेत.

१३. ‘इव्हान्जेलियन’, ‘अकिरा’ यांसारख्या अभिजात कृती आधी दाखवाव्यात ना?

जो जागतिक चित्रपट पाहत आला आहे त्याला ‘अकिरा’ (१९८८) किंवा सातोशी कोन यांचा ‘परफेक्ट ब्लू’ (१९९७) खुशाल दाखवावा, मात्र दुसऱ्यातल्या हिंसेची आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगांची पूर्वकल्पना द्यावी. हिदेआकी आन्नो यांच्या ‘इव्हान्जेलियन’चे (१९९५) तसे नाही. महाकाय यंत्रांच्या त्याआधीच्या मालिका ज्याने पाहिलेल्या नाहीत, त्याला त्यात काय मोडले आहे हे दिसत नाही, आणि शेवटचे दोन भाग तर कथा सोडून नायकाच्या मनातच शिरतात. ती चौथी-पाचवी म्हणून पाहावी.

१४. कुटुंबासोबत पाहताना मध्येच लाजिरवाणी दृश्ये येतात. हे कसे टाळावे?

ही तक्रार खरी आहे आणि चाहत्यांनी ती झटकून टाकू नये. मुलींच्या देहावर विनाकारण रेंगाळणारा कॅमेरा बऱ्याच लोकप्रिय मालिकांत असतो. ‘सेव्हन डेडली सिन्स’चा नायक तर ते चाळे विनोद म्हणून करतो. कथा चांगली आहे म्हणून आपल्याला ते दिसेनासे झालेले असते, सोबत बसलेल्या काकूंना मात्र तेवढेच दिसते. प्रश्न ६ आणि ७ मध्ये सुचवलेली नावे या बाबतीत निर्धास्त आहेत, आणि ‘प्लॅनेटीस’ व ‘मुशिशी’ही.

१५. सुचवलेले आवडले नाही. आता दुसरे काय द्यावे?

आधी काय आवडले नाही ते विचारावे. ‘फार संथ’ असे उत्तर आले तर ‘डेथ नोट’, ‘फार आरडाओरडा’ असे आले तर ‘मुशिशी’चा एखादा भाग, ‘पोरकट’ असे आले तर ‘मॉन्स्टर’. नुसतेच ‘डोळे फार मोठे’ असे उत्तर आले तर ताकाहातांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) लावावा. जलरंग आणि कोळशाच्या रेघांनी काढल्यासारखा तो चित्रपट अ‍ॅनिमेच्या ठरीव चेहऱ्यामोहऱ्यापासून फार दूर आहे. दोनदा देऊनही नको म्हणाला तर तिसऱ्यांदा आग्रह करू नये. तो स्वतः विचारेल तेव्हा प्रश्न ५ आहेच.